चौघांसमोर घेतलेलं नाव

कारंजा,
ज्येष्ठ वद्य नवमी, सन १९३५

प्रिय दौलतराव,

पुंजाजीचा रामराम. आधी तुमच्या घरच्यांचं विचारतो, मग आपलं सांगतो. आवडामायचा दमा कसा आहे? मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा ती भिंतीला टेकून धापा टाकत होती, आणि तरी मलाच बजावत होती, की उन्हाचा जाऊ नको, डोक्याला फडकं बांध. कस्तुरावहिनींच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? चुलीत तुराट्या जाळतात त्याचा धूर बाधत असेल, तेवढं बदलून पाहा. धाकट्या पोरीचा गोवर उतरला असेलच, पण अंगात कस भरेपर्यंत तिला रानात नेऊ नको. तुझा गुडघा? तुला विचारलं तर तू बराच आहे म्हणशील, म्हणून वहिनींना विचारून कळव. ढवळ्याच्या खांद्याला हळद-तेल चालू ठेव, जू लागलेलं लवकर भरत नाही. आणि उकंडा बरा आहे ना? त्याचं शेवटी विचारलं म्हणून तो मनात शेवटी आहे असं समजू नको. या पत्रात त्याच्याबद्दल बरंच यायचं आहे.

आमच्याकडे सगळे धडधाकट. जिजाबाईचे हातपाय चालतात, आणि तोंड त्याहून चालतं. मळ्यातल्या विहिरीनं यंदा दगा दिला नाही, त्यामुळे काकडी आणि भेंडी अजून बाजारात जाते. माल पूर्वीसारखाच रज्जाकभाईच्या दुकानावर पडतो. तोच ओटा रे, ज्याच्यावर बसून तू आणि मी दुकानांच्या पाट्या वाचायला शिकलो. तू हळदीची गाडी घेऊन यायचास, गाडी रिकामी होईपर्यंत आपण अक्षरं जुळवत बसायचो. जिनातल्या कापसाच्या गाठींवर इंग्रजी अक्षरं मारलेली असायची, तीही आपण अशीच ओळखायला लागलो, अर्थ न कळता. कोणी मास्तर नव्हता, छडी नव्हती, म्हणून कदाचित विसरलो नाही. रज्जाकभाईनं परवा तुझी आठवण काढली.

आता मुद्द्याचं. तुझ्या कानावर गेलंच असेल, की मी अंजनाला घेऊन नागपूरला जाऊन आलो. गेलं नसेल तर माझ्याकडून कळतंय, हे बरं. माझा धाकटा भाऊ चंपत आणि त्याची बायको मोठ्या तापात गेली तेव्हा ही पाळण्यात होती. तिला आम्ही वाढवलं आणि दोन वर्षांमागे तू येऊन तुझ्या उकंडासाठी तिला कुंकू लावलंस. तेव्हा तूच म्हणालास, मॅट्रिक होऊ दे पोरीला, मग तुळशीचं लग्न लागलं की आपला बार उडवून टाकू. तुझ्यासारखं बोलणारा दुसरा व्याही मला आपल्या माळ्यांत माहीत नाही. तर ती मॅट्रिक झाली. अमरावतीला तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्या नावानं डॉक्टरीच्या शाळेत अर्ज टाकून दिला होता. चार वर्षांचं शिक्षण, पोरींसाठी जागा मोजक्या. बोलावणं येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, म्हणून तुला कळवलं नाही. बोलावणं आलं. मग मी स्वतःशी म्हटलं, बोलावलंय तर जाऊन यावं, नुसतं पाहून यायला काय जातं.

रज्जाकभाई म्हणाला, पोरगी डॉक्टरीण झाली तर पहिला मरीज मी, घरवाली अमीनाबी म्हणते माझ्या जिभेले इलाज पाह्यजे. त्याच्याच दुकानातून मी टोपली उचलली. कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जाणं आपल्याला जमत नाही, म्हणून कोवळ्या काकड्या भरून घेतल्या, साहेबाला द्यायला. अंजना म्हणाली, मोठेबाबा, हे तिथं चालत नाही. मी म्हटलं, काकडी कुठंही चालते. कारंज्याच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. पोरगी खिडकीशी बसून पुस्तक चाळत होती आणि मी टोपली मांडीवर घेऊन. डब्यातला एक जण विचारत होता, काकडी कशी दिली. सांगून सांगून थकलो, की विकायची नाही.

शाळा म्हणजे दगडी इमारत, लांबच लांब व्हरांडा, आणि कसला तरी औषधी वास, गोठा धुतल्यावर येतो तसा नाही, त्याच्या उलट. दारात काचेच्या कपाटात माणसाचा अख्खा सापळा उभा. मी रामराम करायला हात उचलला होता, मग लक्षात आलं. अंजना त्याच्यापुढे जाऊन थांबली ती हलेना. बोटं मोजावी तशी फासळ्या मोजत होती. तिला भीती वाटली नाही याची मला थोडी भीती वाटली. चपराशानं माझी टोपली पाहिली आणि म्हणाला, हे आत गेलं तर तुमची पोरगी बाहेर येईल. म्हणून टोपली व्हरांड्यातच राहिली. मंगरुळाकडचे एक फुलसिंग नावाचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले होते. त्यांनी आणि मी मिळून काकड्या खायला सुरुवात केली. त्यांनी विचारलं, तुमची पोरगी काहून डॉक्टरीन होऊन राह्यली, लगन नाई जमत का? मी म्हटलं, जमलेलं आहे. त्यांना मग काहीच समजेना.

आत चौघे बसले होते. मधे गोरा साहेब, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला पुण्याकडचे एक गृहस्थ, आणि चौथे नुसतेच पेन्सिल तासत बसणारे. मला आत सोडलं नाही. पण खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली बाक होतं, तेव्हा मी कुठं बसलो ते तुला सांगायला नको. आधी इंग्रजी वाचून घेतलं. ते तिनं खडखड वाचलं. मग विचारलं, डॉक्टर काहून व्हायचं. तिच्याआधी गेलेल्या पोरांना हेच विचारलं होतं आणि सगळ्यांनी गोरगरिबांची सेवा सांगितली होती. आमची बया म्हणाली, "मले आतलं पाहाचं हाय." घाईत घरची बोली तोंडून गेली. कोणीतरी हसलं. बाईंनी विचारलं, कशाच्या आतलं? तर म्हणाली, सगळ्याच्या. हे खरं आहे, तुला सांगतो. लहानपणी जिजाबाईनं कांदा चिरायला दिला की ही पापुद्रा पापुद्रा सोडवत बसायची आणि कालवण आमचं तसंच राहायचं. मला वाटलं, गेली जागा. पण बाईंचा आवाज त्यानंतर मऊ झाला. त्यांनी तिला बेडकाचं, माशाचं, कशाकशाचं विचारलं आणि ती सांगत गेली.

मग साहेबानं लग्नाचं विचारलं. इथं माझी करामत. मी तिला गाडीत पढवून ठेवलं होतं, की लग्नाचं विचारलं तर ठासून सांग, मी दिलेली आहे. माझा हिशोब असा, की दिलेली पोर म्हणजे मागे दोन घरं उभी, चार माणसांत वजन पडतं. तिनं तसंच सांगितलं, मी दिलेली आहे. साहेबानं पुण्याच्या गृहस्थांना अर्थ विचारला. त्यांनी काय समजावलं कोण जाणे, पण साहेब फार मायेनं विचारायला लागला, की दत्तक जाण्याआधीच्या बापाचं नाव काय. अंजना म्हणाली, तसं नाही, मी रिठदले देली हाय. तर साहेबानं कागदावर नवऱ्याचं नाव म्हणून तुमच्या गावाचंच नाव लिहिलं, रिठद. शेवटी डॉक्टरीणबाईंनाच उमगलं. त्यांनी साहेबाला समजावलं आणि मग हिला सरळ विचारलं, लग्न ठरलंय तर मुलाचं नाव काय? अंजना बोलेना. पुन्हा विचारलं. बोलेना.

फुलसिंग माझ्या कानाशी म्हणाले, नाव घेत नाई, चांगल्या घरची हाय. खरं सांगू, दौलतराव, त्या घडीला माझी छाती भरून आली. जागा गेली तर गेली, पण पोर आपली आहे असं वाटलं. आपल्या बायांचं तुला माहीतच आहे. जिजाबाईनं आजवर माझं नाव घेतलं नाही. खळ्यावर पुंजाणं घातलं तर त्याला ती ढीग म्हणते, कारण त्या शब्दात मी आहे. शिरगणतीवाला आला होता तेव्हा तिनं त्याला वांग्याच्या ढिगाकडे बोट दाखवून नाव ओळखायला लावलं, आणि त्या बिचाऱ्यानं माझं नाव वांगोजी लिहिलं. कस्तुरावहिनी तर धनदौलत म्हणायची पाळी आली की धन आणि ते म्हणतात. आपण त्यावर किती हसलोय. लग्नाआधी कुंकवापुरतीच दिलेली पोर असली तरी तिलाही नाव अडतंच. तेव्हा मला तिच्या गप्प बसण्यात काही वावगं दिसलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, याआधी दोन मुली अशाच ठरलेल्या लग्नाच्या होत्या. अभ्यास अर्धा झाला, सासरचं बोलावणं आलं आणि त्या निघून गेल्या. त्या जागा फुकट गेल्या आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली तशाच राहिल्या. तेव्हा उद्या पालकांना घेऊन या, मुलाचं नाव-गाव नीट सांगा, आणि त्या घरचं म्हणणं काय आहे तेही सांगा. मग ठरवू.

धर्मशाळेत आलो. तिनं चूल पेटवली, मी तांदूळ निवडायला घेतले. मी तिला म्हटलं, तू काळजी नको करू, नाव मी सांगतो. आणि हेही सांगतो की दौलतराव माझा लहानपणचा दोस्त आहे, शब्दाचा पक्का आहे, चार वर्षं वाट पाहील. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, मोठेबाबा, नाव तुम्ही सांगितलं तर ते मी सांगितल्यासारखं होते का? मी म्हटलं, नाही, म्हणून तर मोठ्यांनी सांगायचं असते, तुझ्यावर काही येत नाही. तिनं बरं म्हटलं. मला वाटलं, तिला धीर आला. भात चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघांना आत बोलावलं. मला खुर्ची दिली, मी काठावरच बसलो. बाईंनी विचारलं, मुलाचं नाव? मी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं, तोंड उघडलं. त्याच्या आत अंजना बोलली.

"उकंडा दौलतराव राऊत. राहणार रिठद."

मान खाली नाही, पदर ओढला नाही, आवाज वर नाही की खाली नाही. शाळेत मास्तरनं नदीचं नाव विचारावं आणि पोरीनं सांगावं, तसं. साहेबाला लिहिता येईना तर तिनं इंग्रजीत अक्षरं सांगितली. ती अक्षरं मी ओळखत होतो, एकेक पडत होतं तसं मला कळत होतं. म्हणजे तुझ्या पोराचं नाव तिनं एकदा अख्खं घेतलं आणि एकदा तुकडे करून घेतलं. पुण्याच्या गृहस्थांनी हसून विचारलं, उकंडा हे काय नाव? तेव्हा मात्र मी बोललो. म्हटलं, साहेब, त्याच्या आधीची तीन लेकरं जगली नाहीत. म्हणून हे झालं तेव्हा त्याच्या मायनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि सापडलं म्हणून उचलून आणलं. टाकून दिलेल्या वस्तूवर मरणाची नजर पडत नाही, एवढ्यासाठी ते नाव आहे. ते गृहस्थ पुढे हसले नाहीत. अंजना माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत उकंडाबद्दल वाईट काही नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगतो. दुसरंही काही नव्हतं.

बाईंनी मला विचारलं, त्या घरचे लोक काय म्हणतात, थांबतील? उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, रात्रीच घोकलं होतं. ते मी दिलं नाही. मी म्हणालो, पत्र लिहून विचारतो. त्यांनी सांगितलं, शाळा उघडेपर्यंत जागा राखून ठेवू. पण लेखी लागेल. एक तर आम्ही चार वर्षं थांबू अशी त्यांची चिठ्ठी आणा, नाहीतर मुलगी मोकळी आहे अशी. दोन्हींतलं काहीच आलं नाही तर जागा दुसरीला.

येताना गाडीत तिनं मला सापळ्याच्या हाडांची नावं सांगितली. घरी आल्यावर जिजाबाईला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ पाखडत होती. नावाचं ऐकून सूप थांबलं. म्हणाली, घेतलं? पुरं? मी म्हटलं, पुरं, बापासकट, गावासकट. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाव भेवानं नाई अडत, मायेनं अडते. हिचं अडलंच नाई." पहिल्या दिवशी तर अडलं होतं, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, त्या दिवशी पोरगी इचार करून राह्यली असन. एवढं बोलून उठली, पेटी उघडली, तुम्ही कुंकवाला घातलेली साडीचोळी बाहेर काढली आणि नीट घडी घालून वेगळी ठेवली. अंजना तिथंच बसलेली होती. तिनं उठून दुसऱ्या बाजूनं घडीला हात लावला.

दौलतराव, तुझं तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताबद्दलचं पत्र येऊन पडलंय, आणि हे त्याचं उत्तर आहे. चार वर्षं थांबतो अशी चिठ्ठी मी मागितली तर तू ती डोळे मिटून देशील, हे मला माहीत आहे. तसं मागणं माझ्यासाठी सोपं होतं. तुझ्याशी सोयरीक राहिली असती, पोरीला जागा मिळाली असती, आणि चार वर्षांनी ती तुमच्या घरी आली असती, तोंडातून ब्र न काढता. पण मी ते नाव कानांनी ऐकलं आहे. उकंडानं त्यात काही कमी केलेलं नाही, तुम्हीही नाही. त्याला जिच्या तोंडी नाव अडेल अशी बायको मिळावी, एवढा त्याचा हक्क आहे, आणि ती आमच्या घरी नाही. म्हणून मी दुसरी चिठ्ठी मागतो. दोनच ओळी लिही, की पुंजाजीची पुतणी अंजना आमच्याकडे दिलेली नाही, ती मोकळी आहे. खाली तुझी सही. साडीचोळी मी स्वतः घेऊन येईन आणि आवडामायच्या, वहिनींच्या, उकंडाच्या पुढे बसेन, मग काय बोलायचं ते बोला. आवडामायला हे वाचून दाखवू नको, तिला मी तोंडानं सांगतो. तुला राग येईल, तर रागाचंच पत्र लिही, शिव्या लिही, त्यातच कुठेतरी त्या दोन ओळीही लिही. गप्प मात्र बसू नको. टपाल वाशीमला अडकून पडतं आणि शाळा आषाढात उघडते, तेव्हा वाचलंस की त्याच बैठकीला लिहायला घे.

तुझाच,
पुंजाजी